जुन्या कॉकपिटचं पानिपत होऊ नये म्हणून

मी पानिपतहून बोलतोय. गावाचं नाव सांगितलं की मराठी माणूस आधी जरा गप्प होतो आणि मग काला आंब पाहिला का म्हणून विचारतो. पाहिलाय. पण या गावाची आजची ओळख वेगळी आहे. जगभर टाकून दिलेले लोकरीचे कपडे इथे येतात. त्यांची बटणं आणि चेन काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, यंत्रात पिंजून तंतू मोकळा करतात आणि त्याचं सूत कातून नवी ब्लँकेटं विणतात. रंग आधीच निवडलेला असल्यामुळे बरंचसं सूत पुन्हा रंगवावंही लागत नाही. कोटाची फॅशन गेलेली असते, पण लोकर चांगली असते.

आजच्या भागाचा विषय तोच आहे, फक्त कोटाच्या जागी विमानाचं कॉकपिट आहे. घरी बसून विमान उडवण्याचा छंद असलेल्यांकडे योक, थ्रॉटल, रडर पेडल, रेडिओ पॅनेल असं बरंच सामान साठलेलं असतं. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' आलं. आपण त्याला एफएसएक्स म्हणतो. त्या काळात अनेकांनी हौसेनं लाकडी चौकटीत कॉकपिट बांधली. मग ऑगस्ट २०२० मध्ये नवं 'फ्लाइट सिम्युलेटर' आलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या पुढचं. लोकांनी नवा संगणक घेतला, जुनं सामान जोडलं, आणि निम्मी बटणं मुकी झाली.

माझ्याकडे असंच एक कॉकपिट आलं. दिल्लीतल्या एका निवृत्त मराठी काकांनी २००८ साली स्वतः बांधलेलं. ते भंगारात द्यायला निघाले होते. कारण विचारलं तर म्हणाले, "अरे, सामानाचं सोड, माझा हातच आता स्थिर राहत नाही. विमान सरळ जात नाही माझ्याच्यानं." हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आधी साखळी समजून घ्या

तुम्ही एक खटका दाबलात आणि पडद्यावरच्या विमानाचा दिवा लागला, यात पाच कड्या असतात. पहिली कडी म्हणजे प्रत्यक्ष खटका किंवा फिरवायचा पोटेन्शिओमीटर, ज्याला आपण पॉट म्हणू. दुसरी, त्याचा संदेश तयार करणारा आतला बोर्ड. तिसरी, विंडोज आणि त्यातला ड्रायव्हर. चौथी, मधला दुभाषी प्रोग्रॅम. पाचवी, सिम्युलेटर आणि त्यातलं ते विशिष्ट विमान.

लोक चूक कुठे करतात? थेट पाचव्या कडीवर जाऊन सेटिंग फिरवत बसतात. तुम्ही खालून सुरुवात करा. विंडोजच्या शोधपट्टीत 'जॉय डॉट सीपीएल' हे इंग्रजीत टाइप करा. गेम कंट्रोलर तपासायची खिडकी उघडेल. त्यात तुमचं उपकरण दिसतंय का? योक हलवल्यावर छोटं अधिकचिन्ह सरकतंय का? बटण दाबल्यावर गोल उजळतोय का? हे सगळं होत असेल तर पहिल्या तीन कड्या ठीक आहेत आणि एक पैसा खर्च करायची गरज नाही. दोष वरच्या दोन कड्यांत आहे.

एक अपवाद सांगून ठेवतो. आकडे दाखवणारी रेडिओ पॅनेलं या खिडकीत बहुधा दिसत नाहीत, कारण ती स्वतःला जॉयस्टिक म्हणवत नाहीत. ती डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस' या यादीखाली शोधा. तिथे सापडली तर ती जिवंत आहेत.

काकांचं योक मी जोडलं आणि ही खिडकी उघडली. दोघांनी हात मागे घेतले. योकला कुणीही हात लावलेला नव्हता, तरी ते अधिकचिन्ह थरथरत होतं. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. थरथर त्यांच्या हातात नव्हतीच. नव्या सॉफ्टवेअरमुळे आलेल्या अडचणी आपण कितीदा वयाच्या खात्यावर टाकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

जुना पंधरा पिनांचा पोर्ट

काकांचं योक बाकीच्या सामानापेक्षाही जुनं होतं, गेमपोर्टचं. साउंड कार्डाच्या मागे पंधरा पिनांचा जो पोर्ट असायचा, तो. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार काढून घेतला. बाजारात गेमपोर्टचं यूएसबी करणारी छोटी डबी मिळते. साध्या जॉयस्टिकला ती चालते, पण चार अक्ष आणि चार बटणं यापलीकडे ती जात नाही. आणि त्या काळच्या ज्या जॉयस्टिक डिजिटल भाषेत बोलायच्या, त्यांना ही स्वस्त डबी ओळखतच नाही.

पक्का उपाय म्हणजे जुना बोर्ड आणि वायर बाजूला ठेवायची, पॉट आणि बटणं तशीच ठेवायची, आणि मध्ये एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवायचा. आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो यासाठी सोयीचे, कारण त्यांवरची चिप स्वतःच यूएसबी जॉयस्टिक असल्याचं संगणकाला सांगू शकते. त्यासाठीची तयार जॉयस्टिक लायब्ररी फुकट मिळते. ड्रायव्हर लागत नाही. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत लाजपत राय मार्केट, बंगळुरात एस. पी. रोड, कुठेही हे बोर्ड मिळतात.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निम्मे लोक इथेच अडकतात. गेमपोर्ट व्होल्टेज मोजत नसे, तो वेळ मोजायचा. पॉटमधून एक छोटा कपॅसिटर भरायला किती वेळ लागला, त्यावरून योक कुठे आहे ते ठरायचं. त्यासाठी पॉटचे दोनच पाय पुरायचे. आर्डुइनो मात्र व्होल्टेज मोजतो. त्याला पॉटचे तिन्ही पाय लागतात: एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ग्राउंड, आणि मधला पाय अ‍ॅनालॉग पिनेला. जुन्या योकमध्ये तिसरा पाय बहुतेक वेळा मोकळाच सोडलेला असतो. तिथे एक वायर डकवली की काम झालं. ती न जोडता मोजायला गेलात तर आकडे कुठेही भटकतात आणि माणूस बोर्डाला दोष देत बसतो.

दुसरी गोष्ट रोधाची. गेमपोर्टच्या जॉयस्टिकमध्ये साधारण १०० किलोओहमचे पॉट असत. या बोर्डांवरच्या चिपला १० किलोओहम किंवा त्याहून कमी रोधाचा स्रोत आवडतो. रोध जास्त असला की आकडा स्थिर राहत नाही. चिप ० ते १०२३ अशा १०२४ पायऱ्यांत मोजते, त्यातल्या पाचदहा पायऱ्या आपोआप वरखाली होत राहतात. उपाय दोन. एक तर १० किलोओहमचा नवा पॉट बसवा. रेषीय, म्हणजे लिनियर प्रकारचाच मागा. आवाजाच्या बटणासाठीचा लॉग प्रकारचा घेतलात तर योकचं गणित बिघडेल. नाहीतर मधल्या पायापासून ग्राउंडपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

तिसरं कारण धूळ. काकांच्या पॉटच्या कार्बनच्या पट्टीवर कचरा बसला होता आणि मधोमध ती झिजलीही होती, कारण सरळ उडताना योक कायम मधोमधच असतं. धूळ असेल तर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून पॉट वीसपंचवीस वेळा फिरवा. गंज सोडवायचं तेल मारू नका, ते चिकटून राहतं आणि आणखी धूळ धरतं. पट्टी झिजली असेल तर क्लीनरचा उपयोग नाही, पॉट बदला. आम्ही दोन्ही पॉट बदलले. अधिकचिन्ह खिळल्यासारखं स्थिर झालं.

ड्रायव्हरची सीडी कपाटातच राहू द्या

यूएसबीचं जुनं सामान असेल तर पहिला मोह होतो तो खोक्यातली सीडी घालण्याचा. तसं करू नका. योक, थ्रॉटल, पेडल यांची मूळ भाषा यूएसबीतली एचआयडी असते आणि ती विंडोजला आधीपासून येते. सीडीवरचा ड्रायव्हर बहुतेक वेळा बटणांना जादा कामं नेमून देण्यासाठी असायचा.

विंडोज ११ फक्त ६४ बिटची येते. तिच्यात ३२ बिटचा ड्रायव्हर बसूच शकत नाही. सही नसलेला ड्रायव्हर ती नाकारते, आणि 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण चालू असेल तर सही असलेले काही जुने ड्रायव्हरही अडवते. एका थ्रॉटलसाठी हे संरक्षण बंद करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याच संगणकावर तुमचं बँकेचं कामही चालतं.

दुभाषी बदलतो, तेव्हा

आता चौथी कडी. आधी जुनी पद्धत बघू. एफएसएक्स ३२ बिटचं होतं. पॅनेलवाले आपला छोटा प्रोग्रॅम थेट सिम्युलेटरच्या पोटात बसवायचे. २०२० चं सिम्युलेटर ६४ बिटचं आहे. ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये ३२ बिटचा तुकडा घुसू शकत नाही, त्यामुळे असे सगळे जुने तुकडे एका दिवसात निकामी झाले. एक्स-प्लेनवाल्यांनी हेच आवृत्ती ११ च्या वेळी भोगलं.

पण जे प्रोग्रॅम बाहेर उभे राहून बोलत, त्यांना वाट आहे. तिचं नाव एफएसयूआयपीसी. पीट डाउसन यांनी ती अनेक वर्षं सांभाळली. हिची कल्पना सोपी आहे. विमानाची प्रत्येक माहिती एका ठराविक पत्त्यावर ठेवायची. सिम्युलेटर बदललं तरी पत्ता बदलायचा नाही. एफएसएक्ससाठी तिची चौथी आवृत्ती होती, नव्या सिम्युलेटरसाठी सातवी आहे. सातवी बाहेरून सिमकनेक्टमार्फत बोलते, पण जुने पत्ते तिनं जपले आहेत. म्हणून या पत्त्यांवर विसंबलेला पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅमही पुष्कळदा चालून जातो.

त्या पत्त्यांवर काय असतं त्याची दोन उदाहरणं देतो. ऑटोपायलटची दिशा तिथे अंशांत नसते. पूर्ण वर्तुळाचे ६५,५३६ भाग केलेले असतात. पूर्वेला जायचं, म्हणजे ९० अंश, तर तिथे १६,३८४ लिहावं लागतं. कुणी थेट ९० लिहिलं तर विमान अर्ध्या अंशावर जाऊन बसतं आणि आपण म्हणतो, बिघडलं.

दुसरं रेडिओचं. जुन्या पत्त्यावर वारंवारितेचे चारच आकडे मावतात. १२३.४५ असेल तर पहिला १ गृहीत धरून २३४५ एवढंच ठेवतात. एकेकाळी ते पुरायचं. १८.३२५ सारख्या शेपटीत शेवटचा ५ दाखवला नाही तरी गोंधळ होत नसे, कारण २५ किलोहर्ट्झच्या अंतरामुळे ११८.३२ म्हणजे ११८.३२५ हे ठरलेलंच असायचं. आता युरोपात ८.३३ किलोहर्ट्झचं अंतर आलं. तिथे ११८.३०० वेगळं आणि ११८.३०५ वेगळं. पाच आकड्यांच्या जुन्या पॅनेलवर दोन्ही ११८.३० असंच दिसतं. एफएसयूआयपीसीच्या सातव्या आवृत्तीत पूर्ण हर्ट्झमध्ये वारंवारिता देणारे वेगळे पत्ते आहेत, त्यामुळे आत ट्यूनिंग बरोबर होतं. पण पॅनेलवर सहावा आकडा उगवणार नाही. तो तुम्हाला पडद्यावर बघावा लागेल.

एफएसयूआयपीसी एकटी नाही. मोबीफ्लाइट फुकट आहे आणि आर्डुइनोवर स्वतः पॅनेल बांधणाऱ्यांचा लाडका आहे. जॉयस्टिक म्हणून दिसणारी बटणंही तो वाचतो. स्पॅड नेक्स्ट विकत घ्यावा लागतो, पण जुनी रेडिओ आणि ऑटोपायलट पॅनेलं तो सहज बोलती करतो. एका वेळी एकच निवडा.

नव्या विमानांचे स्वतःचे कायदे

पूर्वी दिव्याचा एक प्रमाण आदेश असे आणि सगळी विमानं तो ऐकत. आज गुंतागुंतीची विमानं, उदाहरणार्थ फ्लायबायवायरचं ए३२० किंवा पीएमडीजीचं ७३७, अनेक खटक्यांसाठी स्वतःची आतली चलं वापरतात. त्यांना एल-व्हेरिएबल म्हणतात. म्हणून साध्या सेस्नामध्ये चालणारं पॅनेल एअरबसमध्ये मुकं होतं. सामान तेच, आदेशाचं नाव वेगळं. मोबीफ्लाइटसोबत हबहॉप नावाची यादी येते. विमानाचं नाव आणि खटक्याचं नाव शोधलं की हवा तो आदेश मिळतो. प्रत्येक विमानासाठी वेगळी मांडणी साठवून ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करायचं असतं.

उलटा दिवा

काकांची दुसरी तक्रार: "लँडिंग लाइट कधी सुलटा, कधी उलटा. मीच विसरतो बहुतेक." इथेही काका विसरत नव्हते.

जुन्या प्रोग्रॅममध्ये खटक्याला 'टॉगल' आदेश जोडलेला असे. टॉगल म्हणजे चालू असेल तर बंद कर, बंद असेल तर चालू कर. दाबून सोडायच्या बटणाला हे ठीक आहे. पण वरखाली होणाऱ्या खटक्याला स्वतःची जागा असते. विमान दिवे बंद ठेवून सुरू झालं आणि टेबलावरचा खटका कालपासून 'चालू'वरच असला, की सगळं उलटं. तुम्ही खटका खाली करता आणि दिवा लागतो.

उपाय: टॉगल काढा. खटका वर गेला की 'चालू', खाली आला की 'बंद', असे दोन स्वतंत्र आदेश द्या, किंवा 'सेट' आदेशाला १ आणि ० द्या. मग खटका जिथे असेल तीच दिव्याची स्थिती. मायलेकी भांडाव्यात तसे खटका आणि पडदा भांडत होते, ते थांबतं.

असाच दुसरा घोळ दोन मालकांचा. नवं सिम्युलेटर काही उपकरणांना आपणहून मांडणी देऊन टाकतं. तुम्ही तेच बटण दुभाषी प्रोग्रॅममध्येही जोडता. मग एका दाबात दोन आदेश जातात, चाकं खाली येतात आणि लगेच वर जातात. दुभाषी वापरणार असाल तर सिम्युलेटरच्या कंट्रोल्समध्ये त्या उपकरणासाठी रिकामी मांडणी तयार करून ती निवडा.

वीज

पंधरा मिनिटं छान चालून पॅनेल अचानक झोपतं का? विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या गुणधर्मांत जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी काढून घ्या. पॉवर प्लॅनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

हिशोबही करा. यूएसबी २.० च्या एका पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. एक एलईडी २० मिलिअँपिअर घेत असेल तर तीस एलईडी म्हणजे ६००. पोर्ट तिथेच मान टाकतो. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेला हब वापरा. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर जाताना हबला झटका बसत असेल तर हबचा अ‍ॅडॉप्टरही संगणकासोबत यूपीएसवर घ्या.

काहीच जमलं नाही तर

समजा पॅनेलचा प्रोग्रॅम एक्सपीशिवाय चालतच नाही. तेव्हा जुना संगणकच दुभाषी करा. जुन्या संगणकावर तो प्रोग्रॅम आणि वाइडक्लायंट, नव्यावर सिम्युलेटर आणि एफएसयूआयपीसी. दोन्ही एका राउटरला जोडा. जुन्या प्रोग्रॅमला वाटतं सिम्युलेटर इथेच आहे. वाइडएफएसचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. आणि एक्सपीच्या संगणकाला इंटरनेट देऊ नका, फक्त घरातलं नेटवर्क द्या.

सगळंच वाचतं असं मी म्हणणार नाही. चिप जळलेली असेल, डिस्प्लेचा सुटा भाग मिळत नसेल, तर तेवढं सोडा. पण चौकट, खटके, नॉब, स्प्रिंग ठेवा. त्यांनाच घडवायला सगळ्यात जास्त श्रम लागलेले असतात. आर्डुइनो बदलता येतो, घरी कापून घासलेलं लाकूड पुन्हा मिळत नाही.

अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये पहिला प्रसिद्ध उड्डाण-सराव यंत्र बनवला, तेव्हा त्यांच्या हाताशी वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातलं सामान होतं. यंत्राला झुकवणारे भाते ऑर्गनचेच. पेटीच्या भात्यावर विमान, म्हणा ना. दुसऱ्या कामाचं सामान या कामाला लावणं या छंदात पहिल्या दिवसापासून आहे.

काकांचं कॉकपिट चौथ्या रविवारी पूर्ण झालं. जानेवारी होता, बाहेर धुकं इतकं की समोरचं घर दिसत नव्हतं. त्यांनी पडद्यावरही दिल्लीचं तसंच धुकं लावलं आणि आकाशातून खाली आले. धावपट्टी शेवटच्या क्षणी दिसली. लँडिंग लाइटचा खटका त्यांनी वर केला, दिवा लागला. उतरल्यावर ते स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "बरे आहेत की अजून."

तुमच्या माळ्यावर असं काही पडलं असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ते एकदा जोडा, हात मागे घ्या, आणि कोण थरथरतंय ते बघा. पुढच्या भागात आपण प्रो मायक्रोवर पहिलं योक स्वतः जोडणार आहोत. सोल्डरिंगची बंदूक तयार ठेवा.